मनगटातून हृदयापर्यंत: शीथ आणि कॅथेटर डिझाइन करायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

कॅथेटर बनवायचंय म्हणणारी बरीच मुलं पहिला प्रश्न मटेरियलचा विचारतात. पीबॅक्स (एक लवचिक प्लास्टिक) घेऊ की नायलॉन, ब्रेड (बारीक तारांची विणलेली जाळी) किती टाकू, कोटिंग कुठलं लावू. माझं म्हणणं असं की सुरुवात तिथून करूच नका. ज्या धमनीतून तुमची नळी जाणार आहे त्या धमनीपासून सुरुवात करा आणि तिथून एकेक थर आत आत या, मटेरियलचा प्रश्न तोपर्यंत अर्धाअधिक आपोआप सुटलेला असतो.

शीथचं काम मुळात रक्षणाचं आहे. प्रोसिजर चालू असताना डॉक्टर तीन-चार वेगवेगळे कॅथेटर आत-बाहेर करतात, प्रत्येक वेळी धमनीची भिंत आणि कातडीखालचं ते एवढंसं भोक घासलं जाऊ नये म्हणून ही पातळ बाही आधी आत बसवायची आणि बाकीची सगळी ये-जा तिच्यातून करायची. कॅथेटर लांब जातो, वळतो, औषध किंवा डाय (एक्स-रेमध्ये रक्तवाहिनी दिसावी म्हणून सोडायचं द्रव्य) सोडतो. दोघांची घडण सारखी दिसली तरी शीथचं पहिलं गिऱ्हाईक धमनी आहे आणि कॅथेटरचं पहिलं गिऱ्हाईक डॉक्टरांचा हात, हे डोक्यात पक्कं असू द्या.

उदाहरणासाठी मी मनगटातली रेडियल धमनी धरतोय कारण आता खूप ठिकाणी अँजिओग्राफी तिथूनच होते. कॅनडातल्या ल्युसियन कांपो यांनी १९८९ साली हा मार्ग हृदयाच्या अँजिओग्राफीसाठी वापरून दाखवला, त्याआधी बहुतेक वेळा मांडीतून जायची पद्धत होती आणि पेशंटला तासन् तास आडवं पडून राहावं लागायचं. मनगटातून केलं की माणूस लवकर उठून बसतो. पण धमनी बारीक असते आणि चिडली की आकसते, म्हणून इथे डिझाइनचा कस लागतो.

आधी कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी होते त्या खोलीत) उभे राहा

केईएम, सायन, नायर, जेजे, मुंबईत केसेसना तोटा नाही. ओळखीच्या कार्डिओलॉजिस्ट सरांना किंवा मॅडमना लेखी विनंती करा, हॉस्पिटलची रीतसर परवानगी घ्या, पेशंटची संमती आणि खाजगीपणा याबाबतीत तिथले लोक जे सांगतील ते शंभर टक्के पाळा आणि लेड ॲप्रन घालून कोपऱ्यात उभे राहा. फोटो काढू नका. वहीत लिहा.

बघायचं काय? सगळी प्रक्रिया सेल्डिंगर पद्धतीवर चालते, स्वेन-इवार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी ती १९५३ साली मांडली: सुई टोचायची, सुईतून वायर सरकवायची, सुई काढायची, वायरवरून नळी आत न्यायची. म्हणजे तुमची प्रत्येक वस्तू वायरवर बसली पाहिजे, ती तशी बसत नसेल तर कितीही हुशार डिझाइन असो त्याचा उपयोग नाही. शीथच्या आत निमुळता डायलेटर असतो, तो भोक हळूहळू रुंद करतो, मग वायर आणि डायलेटर निघतात आणि शीथ राहते. डॉक्टरांचा हात कुठे अडतो, कुठे ते नळी फिरवत फिरवत ढकलतात, ग्लोव्ह ओला असताना हब (नळीचं मागचं, हातात धरायचं टोक) निसटतो का, हे सगळं टिपा.

आणि डॉक्टरांइतकाच वेळ सिस्टर आणि टेक्निशियन दादांना द्या. पाकीट कसं फोडतात, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या सलाइनने फ्लश कधी करतात, हबचा रंग बघून साइज ओळखतात की छापलेलं वाचतात. बहुतेक वेळा रंगच बघतात. म्हणून ५ फ्रेंचचा हब राखाडी, ६ चा हिरवा, ७ चा नारिंगी, ८ चा निळा ही चाल बदलायचा मोह आवरा. तुमच्या कंपनीच्या लोगोचा रंग जांभळा असेल तरी ६ फ्रेंच हिरवाच ठेवा. घाईच्या केसमध्ये चुकीची साइज टेबलावर येणं ही छोटी गोष्ट नाही.

मापं, आणि फ्रेंचचा गोंधळ

एक फ्रेंच म्हणजे मिलीमीटरचा तिसरा हिस्सा. पॅरिसचे उपकरणं बनवणारे शारिएर यांनी एकोणिसाव्या शतकात ही पट्टी आणली. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, ६ फ्रेंच म्हणजे २ मिमी, इतकं सोपं. पण कॅथेटरवर ६ फ्रेंच लिहिलंय ते बाहेरचं माप असतं आणि शीथवर ६ फ्रेंच लिहिलंय त्याचा अर्थ ६ फ्रेंचचा कॅथेटर तिच्यातून जातो, म्हणजे ते आतलं माप. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. ६ फ्रेंचच्या साध्या शीथचं बाहेरचं माप साधारण २.६ मिमीच्या आसपास जातं, पातळ भिंतीच्या खास रेडियल शीथ अडीचच्या किंचित खाली येतात. आणि रेडियल धमनी? साधारण २ ते ३ मिमी, बायकांमध्ये आणि लहान चणीच्या माणसांत त्याहून कमीही. म्हणजे तुमची नळी आणि धमनी यांच्यात बऱ्याचदा मोकळी जागा उरतच नाही, धमनी ताणली जाते. भिंतीतला मिलीमीटरचा दहावा हिस्सा वाचवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं का झटतात ते हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की कळतं.

किडनी स्टोनच्या दुर्बिणीसाठी जी युरेटरल ॲक्सेस शीथ वापरतात तिच्यावर मात्र दोन्ही मापं छापतात, १२/१४ म्हणजे आत १२ आणि बाहेर १४ फ्रेंच. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

वायरची मापं इंचात चालतात, ०.०३५ इंच म्हणजे ०.८९ मिमी आणि कोरोनरीची बारीक ०.०१४ इंच म्हणजे ०.३६ मिमी. एका ड्रॉइंगवर फ्रेंच, इंच आणि मिलीमीटर तिन्ही येणार आहेत तर पहिल्या दिवसापासून एक तक्ता करून भिंतीला चिकटवा.

भिंतीचा हिशोब

आता कागदावर वजाबाकी करा, ही पायरी गाळू नका. समजा ६ फ्रेंचचा गायडिंग कॅथेटर (ज्याच्यातून वायर आणि बलून पुढे नेतात तो) करायचाय, बाहेरून २.०६ मिमी आणि आतून १.८० मिमी. फरक ०.२६, दोन बाजूंना वाटला तर भिंत ०.१३ मिमी. त्यातले ०.०२५ आतल्या पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) लायनरला, अस्तराला गेले. ब्रेडची चपटी तार ०.०२५ जाडीची घेतली तर जिथे दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे ०.०५ लागतात. उरले ०.०५५, आणि एवढ्यात बाहेरचं प्लास्टिक बसवायचं, तार कुठेही उघडी पडता कामा नये, कोटिंगलाही जागा द्यायची. हा हिशोब केल्यावर कळतं की जाड तार घेऊन मजबूत करू ही कल्पना का चालत नाही.

मग वाटतं आतलं माप थोडं कमी करू. करून बघा. बारीक नळीतला संथ प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो, आतली त्रिज्या १० टक्के कमी केली की प्रवाह एक तृतीयांशाहून जास्त घटतो. डाय घट्ट असतो, सिरिंज दाबणाऱ्या हाताला हा फरक लगेच जाणवतो. वाकवायला लागणारा जोरही व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणून मापात केलेला बारीकसा बदलसुद्धा कधी बारीक नसतो.

थर निवडताना

आता मटेरियल. आतला थर पीटीएफई, कारण त्याच्यावर काही चिकटत नाही, वायर आणि बलून सरसर जातात. पण काही चिकटत नाही म्हणजे तुमचा बाहेरचा थरही चिकटणार नाही, म्हणून बाहेरच्या बाजूने रासायनिक एचिंग केलेला लायनर मागवा, तो तपकिरी दिसतो, आणि अंधारात कोरड्या जागी ठेवा कारण अतिनील प्रकाशाने त्या एचिंगचा असर उतरतो. खिडकीतल्या टेबलावर पसरून ठेवू नका.

मधला थर स्टेनलेस स्टीलचा. ब्रेड घेतला तर हबला दिलेला पीळ टोकापर्यंत पोचतो, कॉइल घेतली तर नळी वळणावर चेपत नाही, घडी पडत नाही. गायडिंग कॅथेटरला टॉर्क हवा म्हणून ब्रेड, लांब वाकड्या रस्त्याने जाणाऱ्या शीथला गोलाई टिकवायची म्हणून बऱ्याचदा कॉइल. छोट्या रेडियल शीथला बहुतेक वेळा दोन्ही लागत नाहीत, नुसती एफईपी (टेफ्लॉनच्याच घरातलं, पण वितळणारं प्लास्टिक) किंवा तत्सम प्लास्टिकची पातळ भिंत पुरते, उगाच गुंतागुंत वाढवू नका. ब्रेडमध्ये इंचाला किती पिक (तारा एकमेकींना ओलांडतात त्या जागा) यावर खूप काही अवलंबून असतं, पिक वाढवले की नळी लवचिक होते आणि वळणावर टिकते पण ढकलण्याचा जोर कमी पोचतो. दोन-तीन नमुने वेगवेगळ्या पिकचे करून हातात घेऊन बघा, वाचून हे समजत नाही.

बाहेर पीबॅक्स किंवा नायलॉन १२, एकाच नळीत कडक ते मऊ अशा टप्प्यांनी. हबकडे ७२ डी (शोअर डी, म्हणजे कडकपणाचं माप), मग ६३, ५५, ४०, टोकाला ३५ असं उतरत या. ७२ वरून एकदम ३५ वर उडी मारली तर घडी नेमकी त्या सांध्यावरच पडते. एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळतात, टोकाला प्लॅटिनम-इरिडियमची बारीक रिंग, तिलाच मार्कर म्हणतात. बेरियम जास्त घातलं की प्लास्टिक ठिसूळ होतं हेही लक्षात ठेवा.

बेंचवर बनवताना

क्रम असा: मँड्रेल (आतला आधाराचा दांडा), त्यावर लायनर ताणून, त्यावर ब्रेड, त्यावर पीबॅक्सचे तुकडे सरकवून एकमेकांना भिडवून, मार्कर, आणि सगळ्यात वर एफईपीची श्रिंक ट्यूब (तापवली की आकसणारी नळी). मग गरम हवा एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू न्यायची म्हणजे आतली हवा पुढे निघून जाते, दोन्हीकडून सुरू केलं तर मध्ये बुडबुडा अडकलाच. एफईपी दोनशे अंशांच्या वर आकसते, खालचं पीबॅक्स तोवर वितळलेलं असतं, पीटीएफई ३२७ अंशांपर्यंत वितळत नाही म्हणून आतलं माप टिकतं. वितळणबिंदूंच्या या फरकावर सगळा रिफ्लो (थर वितळवून एकजीव करण्याची ही पद्धत) उभा आहे. थंड झालं की एफईपी चिरून सोलून काढा. मँड्रेलसाठी चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार घेतली तर शेवटी ती दोन्हीकडून ताणायची, ती बारीक होते आणि सुटून बाहेर येते.

धूर काढणारा पंखा चालू असल्याशिवाय फ्लोरोपॉलिमर (पीटीएफई, एफईपी) तापवू नका. जास्त तापलं तर निघणारी वाफ छातीला खरंच वाईट असते. बंद खोलीत हीट गन घेऊन बसलेली मुलं बघितली की जीव घाबरतो.

मुंबईत अजून एक गोष्ट सांभाळायची ती म्हणजे पावसाळा. पीबॅक्स आणि नायलॉन दोन्ही हवेतला ओलावा पितात, जुलैत डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं तशीच गत उघड्या गोणीतल्या दाण्यांची होते. ओले दाणे एक्सट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून नळी काढणाऱ्या मशीनमध्ये) गेले की वाफेचे बुडबुडे, खडबडीत पृष्ठभाग आणि कमजोर नळी. ड्रायरमध्ये दाणे वाळवूनच घ्या, किती तास आणि किती अंश ते पुरवठादाराच्या कागदावर असतं, आणि वाळवलेला माल पुन्हा तासभर उघडा ठेवू नका. बाहेरून एक्सट्रूजन करून घेत असाल, वसई-अंधेरीकडे प्लास्टिकची कामं करणारे खूप आहेत, तर वाळवल्याची नोंद मागा आणि मेडिकल ग्रेडचा लॉट नंबर मागा. नोंद देत नसतील तर तिथून माल घेऊ नका.

मापायला व्हर्नियर वापरू नका, मऊ नळी जबड्यात दबते आणि आकडा कमी येतो. आतल्या मापासाठी पिन गेज, बाहेरच्यासाठी लेझर मायक्रोमीटर. पिन गेज, हातातली छोटी अवजारं नागदेवी स्ट्रीटला मिळून जातात, हीट गन आणि थर्मोकपलसाठी लोहार चाळीत चक्कर मारा. भिंत सगळीकडे सारखी आहे का ते बघायला तुकडा इपॉक्सीत रोवून आडवा कापा, पॉलिश करा आणि मायक्रोस्कोपखाली धरा.

टोक आणि व्हॉल्व्ह

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या असं मी कळकळीने सांगतो. शीथचं टोक आणि डायलेटर जिथे मिळतात तिथे जरा जरी पायरी राहिली तर ती कातडीत अडकते, डॉक्टर जोर लावतात, टोक दुमडतं किंवा फाटतं आणि तेच फाटलेलं टोक धमनीचं आतलं अस्तर खरवडत जातं. म्हणून शीथचं टोक थोडं निमुळतं करतात आणि डायलेटरवर घट्ट बसवतात, बोट फिरवल्यावर सांधा लागता कामा नये. पातळ ग्लोव्ह घालून नखाने बघा, मग कापसाचा बोळा ओढून बघा, तंतू अडकला तर तिथे बर, म्हणजे खरखरीत कड, राहिली आहे. कॅथेटरच्या बाबतीत ब्रेडच्या तारांची टोकं हा मोठा धोका. ब्रेड टोकाच्या आधीच थांबवा, तारांची कापलेली टोकं मार्कर रिंगखाली दाबून टाका, पुढचे काही मिलीमीटर नुसतं मऊ प्लास्टिक ठेवा.

मागच्या बाजूला हबमध्ये सिलिकोनचा व्हॉल्व्ह असतो. नुसती वायर आत असताना, जाड कॅथेटर असताना आणि काहीच नसताना, तिन्ही वेळी रक्त बाहेर नको आणि हवा आत नको. रक्त गळलेलं दिसतं तरी, आत शिरलेली हवा दिसत नाही आणि ती जास्त घातक. चीर जास्त घट्ट केली की कॅथेटर ढकलताना अडतो, सैल केली की गळते. कॅथेटर बरेच वेळा आत-बाहेर करून मग गळती तपासा, नव्या व्हॉल्व्हची टेस्ट खूप काही सांगत नाही.

बाहेरून हायड्रोफिलिक कोटिंग, बहुतेक पीव्हीपीचं, पाणी लागलं की बुळबुळीत होतं. रेडियलमध्ये याने धमनीचं आकसणं कमी होतं आणि शीथ काढताना पेशंटला कमी दुखतं. पण कोटिंगचे कण सुटून रक्तात जाऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१५ साली याबद्दल खास सूचना काढली होती. तेव्हा कोटिंग जितकं लागतं तितकंच, हबजवळचा भाग कोरडा ठेवा म्हणजे शीथ आपोआप बाहेर सरकणार नाही, आणि सुटणारे कण मोजायची टेस्ट सुरुवातीपासून यादीत धरा.

टेस्टिंग

आयएसओ १०५५५-१ कॅथेटरसाठी आणि आयएसओ ११०७० शीथ, डायलेटर आणि वायरसाठी, हे दोन्ही विकत घेऊन नीट वाचा. १.८५ मिमी किंवा त्याहून जाड कॅथेटरचा प्रत्येक सांधा किमान १५ न्यूटन ताण सोसला पाहिजे, म्हणजे साधारण दीड किलो वजन लटकवल्यासारखं, आणि नमुने आधी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून मग ओढायचे कारण नायलॉन आणि पीबॅक्स ओलाव्यात मऊ होतात. कोरड्या नमुन्याचा आकडा छान येतो पण शरीरात कोरडं काहीच नसतं. घडी कधी पडते ते वेगवेगळ्या त्रिज्येच्या खुंट्यांवर गुंडाळून बघा. टॉर्कसाठी नळी वाकड्या मॉडेलमध्ये घालून हब फिरवा आणि टोक किती फिरतं, सलग फिरतं की थांबून एकदम उसळी मारतं ते बघा, ती उसळी धमनीत धोक्याची असते. ल्युअर जोड (सिरिंज हबला जोडायची जागा) आयएसओ ८०३६९-७ प्रमाणे. रक्ताशी आणि पेशींशी सुसंगती आयएसओ १०९९३ च्या वेगवेगळ्या भागांप्रमाणे, हे मान्यताप्राप्त लॅबमधूनच.

स्टरिलायझेशनचं आधी ठरवा, शेवटी नाही. ट्रॉम्बेला बीएआरसीचं आयसोमेड १९७४ पासून गॅमा किरणांनी मेडिकल वस्तू निर्जंतुक करतंय आणि मुंबईतल्या माणसाला पहिल्यांदा तेच सुचतं, पण पीटीएफई गॅमाने तुटतं, ठिसूळ होतं. लायनर पीटीएफईचा असेल तर इथिलीन ऑक्साइडकडे जावं लागतं, मग गॅस आत शिरेल असं पाकीट हवं, नंतर गॅस पूर्ण निघून गेल्याची तपासणी हवी. आणि वरच्या सगळ्या टेस्ट स्टरिलायझेशन झालेल्या मालावर करायच्या.

कागद आणि लायसन्स

भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ लागू आहेत, १ जानेवारी २०१८ पासून. धोक्याप्रमाणे वर्ग ए ते डी, डी सगळ्यात जास्त धोक्याचा. हृदयाला किंवा मुख्य रक्तवाहिन्यांना थेट भिडणारा कॅथेटर डी मध्ये जातो, लघवीचा कॅथेटर खालच्या वर्गात, तुमच्या वस्तूचा नेमका वर्ग सीडीएससीओच्या (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या) यादीत बघून घ्या. टेस्टसाठी थोडा माल बनवायलासुद्धा लायसन्स लागतं, अर्जाचा फॉर्म एमडी-१२ आणि लायसन्स मिळतं ते एमडी-१३ मध्ये. सी आणि डी चं उत्पादन लायसन्स केंद्राकडून, ए आणि बी चं राज्याच्या एफडीएकडून. माणसांवर तपासायची वेळ आली की एथिक्स कमिटी आणि एमडी-२२ चा अर्ज, यात शॉर्टकट नाही आणि नसावाच. आयएसओ १४९७१ प्रमाणे धोक्यांची यादी मात्र पहिल्या स्केचच्या दिवशीच उघडा, टोक तुटलं तर काय, हवा गेली तर काय, चुकीची साइज आली तर काय, आणि कॅथलॅबमधल्या त्या वहीतलं सगळं तिच्यात उतरवा.

एकट्याने जमत नसेल तर पवईला आयआयटीतलं बेटिक (मेडिकल उपकरणं बनवायला मदत करणारं केंद्र) आहे, २०१४ साली महाराष्ट्र सरकारच्या राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने सुरू झालं, डॉक्टर आणि इंजिनियर तिथे एका टेबलावर बसतात.

शेल्फ लाइफचं काम डिझाइन गोठवल्या गोठवल्या लगेच सुरू करा. ५५ अंशांच्या ओव्हनमध्ये एजिंग (माल उष्णतेने लवकर जुना करणं) केलं आणि साठवण २५ अंशांची धरली तर नेहमीच्या गणिताने एक वर्ष साधारण ४६ दिवसांत बसतं, तीन वर्षांचा दावा करायचा तर साडेचार महिने नमुने ओव्हनमध्ये राहणार. पण मुंबईतलं गोदाम मे महिन्यात २५ अंशांवर नसतं. माल खरंच कुठे ठेवला जाणार आहे तिथलं तापमान आणि दमटपणा नोंदवा, गणितात तोच आकडा घाला, आणि सोबत त्याच लॉटचे काही नमुने साध्या कपाटात तारीख घालून खऱ्या वेळेच्या एजिंगसाठी ठेवून द्या, लायसन्सच्या फाइलला दोन्ही लागतात.